१२३४५६७८९८७६५४३२१ : डोंबिवलीच्या फलाटाशी नाते सांगणारी संख्या

प्रतिनिधी

एकपासून नऊपर्यंत चढत जावे आणि नऊवरून पुन्हा एकपर्यंत उतरत यावे. हे अंक न थांबता एका ओळीत लिहिले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी पूर्ण संख्या तयार होते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती बदलत नाही. एखाद्या देवळाच्या शिखरासारखी दिसणारी ही संख्या केवळ दिसायलाच सुबक आहे असे मात्र नाही. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले की नेमके हेच उत्तर येते. म्हणजे ही संख्या पूर्ण वर्ग आहे. गणिताच्या वाङ्मयात तिच्या कुळाला 'डेमलो संख्या' असे नाव आहे आणि हे नाव मुंबईपासून अठ्ठेचाळीस किलोमीटरवरच्या डोंबिवली स्थानकाशी जोडलेले आहे. रोज सकाळी त्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या हजारो प्रवाशांना याची कल्पना असेल असे वाटत नाही.

ही संख्या वाचायची कशी, हा पहिला प्रश्न. आजच्या व्यवहारातील कोटी हेच सर्वांत मोठे एकक मानले तर ती 'एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस' अशी लांबलचक होते. आपल्या पूर्वसूरींचे काम अधिक नेटके होते. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'लीलावती'त एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्या मोजणीत आपली संख्या परार्धाच्या एक पायरी अलीकडे, 'मध्य' या स्थानापासून सुरू होते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज आणि नऊ अर्बुद, असे चढत येऊन मग आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. प्रत्येक स्थानाला स्वतःचे नाव असल्याने संख्येतील चढ आणि उतार वाचतानाही कानाला जाणवतो.

नवव्या शतकातील एक माळ

अशा चढत्या-उतरत्या संख्यांचे आकर्षण नवे नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या तिच्या अंकांची नावे न घेता सांगितलेली आहे. एकपासून सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमाने कमी होत जाणारी, असे तिचे वर्णन येते. ज्या गुणाकारांची उत्तरे दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येतात, अशा उदाहरणांना महावीराचार्यांनी कंठाभरणाची, म्हणजे गळ्यातल्या हाराची उपमा दिली. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१ हे त्यातले एक सोपे उदाहरण. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येते, हे दुसरे.

हे दुसरे उदाहरण उलगडून पाहण्यासारखे आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आहे. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे. आणि २१ ला ५२९१ ने गुणले की १११११११ नव्हे, तर सहा एकांची १११११११ पेक्षा एक अंकाने लहान संख्या, म्हणजे ११११११ येते. एकांच्या माळेचा वर्ग केला की मनोरा उभा राहतो, हे तत्त्व हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या या हारातही दडलेले आहे.

मनोरा उभा कसा राहतो

यामागचे कारण चौथीच्या विद्यार्थ्यालाही कळेल असे आहे. १११ ला १११ ने उभ्या मांडणीत गुणून पाहावे. प्रत्येक ओळीत १११ च येते, फक्त ती ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकते. आता बेरीज करताना सर्वांत उजव्या स्तंभात एकच एक असतो, पुढच्या स्तंभात दोन, मधल्या स्तंभात तीन आणि मग पुन्हा दोन व एक. उत्तर १२३२१. नऊ एक घेतले तर नऊ ओळी होतात आणि मधल्या स्तंभाची बेरीज नऊ होते. प्रस्तुत प्रतिनिधीने चौकटीच्या कागदावर हा गुणाकार पूर्ण मांडून पाहिला. पाच-सात मिनिटे लागतात आणि एकाही ठिकाणी हातचा घ्यावा लागत नाही.

हातचा घ्यावा लागत नाही, यातच या संख्येचे सारे वैभव आहे. त्याचा एक परिणाम असा की अंकांची बेरीजही वर्गच होते. मूळ नऊ एकांची बेरीज ९, आणि १२३४५६७८९८७६५४३२१ च्या सर्व अंकांची बेरीज ८१.

दहावा एक वाढवला की मात्र चित्र बदलते. मधल्या स्तंभात दहा येतात, शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो, तिथल्या नवाचे दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक, तो आठाला मिळून नऊ होतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूने चढताना सातानंतर एकदम नऊ. आठ हरवला! ज्यांनी कधी १ ला ८१ ने भागून पाहिले असेल त्यांना हा हरवलेला आठ परिचयाचा वाटेल. ते उत्तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असे अखंड चालू राहते आणि त्यातही आठ कधीच येत नाही. कारण तेच आहे. दशांश चिन्हापुढे ०, १, २, ३ असे अंक ओळीने मांडत गेल्यावर दहाची पाळी येते, दहा एका घरात मावत नाहीत, हातचा मागे सरकतो आणि आठाचे नऊ करून टाकतो. शाळकरी मुलांच्या आवडीची १२३४५६७९ ही 'आठ नसलेली' संख्या याच घराण्यातील आहे. तिला नऊने गुणले की नऊ एक मिळतात.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढील शिक्षण घेत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळामास्तर होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

डेमलो संख्यांची कल्पना त्यांना १९२३ साली, विद्यार्थिदशेत, तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचली असे सांगितले जाते. 'डेमलो' हे नाव त्या स्थानकावरून पडले. १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी 'वंडरफुल डेमलो' संख्यांवर टिपण प्रसिद्ध केले. १, १२१, १२३२१ अशी एकांच्या वर्गांची जी मालिका, ती ही 'अद्भुत' डेमलो मालिका आणि आपली सतरा अंकी संख्या तिच्यातील नववी.

डेमलो संख्येची कापरेकरांची व्याख्या यापेक्षा व्यापक होती. संख्येचे तीन भाग पाडायचे. मधल्या भागात एकच अंक एकदा वा अनेकदा आलेला असावा आणि डावा व उजवा भाग मिळवले असता तोच अंक मिळावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६ होतात. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. आता ही कसोटी आपल्या संख्येला लावून पाहू. मधला अंक ९. डावीकडचा भाग १२३४५६७८, उजवीकडचा ८७६५४३२१. दोहोंची बेरीज ९९९९९९९९, आठच्या आठ नऊ.

कापरेकरांचे नाव सर्वसामान्यांना ठाऊक असते ते ६१७४ या स्थिरांकामुळे. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे पुनरुक्ती नको. प्रस्तुत संख्येच्या संदर्भात त्यांच्या दुसऱ्या दोन कल्पना अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली हर्षद संख्येची. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव कापरेकरांनी दिले. (परदेशात याच संख्या गणितज्ञ आयव्हन निव्हेन यांच्या नावे ओळखल्या जातात. निव्हेन यांनी त्यांची चर्चा १९७७ च्या एका परिषदेत केली होती.) आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिला ८१ ने भागले तर १५२४१५७८९९७१०४१ हे उत्तर येते, बाकी शून्य. आणि हे उत्तर म्हणजे पुन्हा आठ नसलेल्या १२३४५६७९ चा वर्ग आहे. तेव्हा ही डेमलो संख्या हर्षदही आहे.

दुसरी कल्पना कापरेकर संख्येची. एखाद्या संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे करावेत आणि त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी यावी. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७. आता आपल्या संख्येला ८१ ने गुणा. ९९९९९९९९८००००००००१ मिळते. हा ९९९९९९९९९ चा वर्ग आहे, आणि ९९९९९९९९८ अधिक १ म्हणजे ९९९९९९९९९. कापरेकर संख्या! ८१ ने भागले तर हर्षद, ८१ ने गुणले तर कापरेकर संख्येचा वर्ग, आणि न भागता न गुणता डेमलो. एकाच मास्तरांच्या तीन कल्पना एका संख्येत एकत्र नांदतात.

याहून मोठे आश्चर्य पुढे आहे. दहा एक घेतल्यावर मनोरा कोसळतो हे आपण पाहिले. त्या कोसळलेल्या वर्गाचे, म्हणजे १२३४५६७९००९८७६५४३२१ चे, शेवटचे दहा अंक वेगळे काढले तर डावीकडे १२३४५६७९० उरतात आणि उजवीकडे ०९८७६५४३२१. यांची बेरीज ११११११११११, म्हणजे ज्या दहा एकांपासून सुरुवात केली तेच दहा एक. मनोरा मोडतो त्याच जागी कापरेकर संख्या जन्माला येते. हा योगायोग नव्हे. दहा एकांतून एक वजा केला की ११११११११०० नव्हे तर १११११११११० उरते, तिच्या अंकांची बेरीज नऊ असल्याने तिला नऊने भाग जातो आणि त्यामुळे ती संख्या व दहा एक यांचा गुणाकार दहा नवांनी निःशेष भागला जातो. कापरेकर संख्या होण्यासाठी नेमकी हीच अट लागते. एकोणीस एकांच्या संख्येलाही, अठरा हा नऊच्या पटीत असल्याने, हाच न्याय लागू पडतो.

हार्डी यांचा आक्षेप

हे सारे गणित आहे की नुसते कौतुक? हा प्रश्न टाळता येणार नाही. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजन यांची प्रतिभा ओळखली, त्यांनी १९४० सालच्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशा अंकगमतींना गंभीर गणितात स्थान नाकारले. ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्या उलट्या लिहिल्यावर मिळणाऱ्या संख्येच्या पूर्ण पटीत असतात, हे उदाहरण घेऊन त्यांनी असे तथ्य कोड्यांच्या सदराला शोभेल, गणितज्ञाला त्यात रस वाटण्यासारखे काही नाही, असा अभिप्राय दिला. भारतातही कापरेकरांच्या कामाकडे अनेक विद्यापीठीय गणितज्ञांनी क्षुल्लक म्हणून पाहिले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर झाले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.

हार्डी यांच्या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. मनोऱ्याचा आकार हा संख्येचा गुण नसून आपल्या लेखनपद्धतीचा आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून तो नऊपर्यंत चढतो. सोळाच्या पटीत लिहिले असते तर पंधरा पायऱ्या चढला असता, आणि संगणकाच्या दोन अंकी लिपीत तर दुसऱ्याच पायरीवर हातचा येऊन तो मोडतो. तिथे ११ चा वर्ग १००१ असा लिहिला जातो.

लेखनपद्धती बदलली तरी न बदलणारे असे या संख्येत काय उरते? तिचे मूळ अवयव. तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा, यांच्या गुणाकारातून ती बनते. चौथा मूळ अवयव नाही. त्यावरून तिला एकूण पंचेचाळीस विभाजक आहेत हे लगेच सांगता येते. पूर्ण वर्ग असल्याने ही संख्या विषमच यायची होती. यातील ३३३६६७ हा अवयव विशेष लक्ष देण्याजोगा आहे. १ ला ३३३६६७ ने भागले तर ०.०००००२९९७ ००००००२९९७ असे न होता बरोबर नऊ अंकांचा '०००००२९९७' हा गट पुन्हा पुन्हा येत राहतो. नऊ अंकी आवर्तन असलेली ही एकमेव मूळ संख्या आहे. सहा अंकी आवर्तन सातचेही असते आणि तेराचेही, परंतु तीन अंकी आवर्तन फक्त सदतीसचे आणि नऊ अंकी फक्त ३३३६६७ चे. अशा एकाकी मूळ संख्यांचा अभ्यास सॅम्युएल येट्स यांनी १९८० च्या सुमारास केला. आपल्या सतरा अंकी संख्येच्या पोटात अशा तीन एकाकी मूळ संख्या आहेत, कारण एक अंकी आवर्तन हे केवळ तीनचे असते. म्हणजे कोड्याच्या सदरातून निघालेली वाट अंकगणिताच्या बऱ्याच आतल्या दालनात पोहोचते. हार्डी यांनी एवढे आत डोकावले असते तर त्यांचे मत किंचित सौम्य झाले असते, असे या प्रतिनिधीचे नम्र मत आहे.

एकांच्या माळेपैकी मूळ संख्या कोणत्या, हा तर आजही जिवंत असलेला संशोधनाचा विषय आहे. दोन एक, एकोणीस एक, तेवीस एक, तीनशे सतरा एक आणि एक हजार एकतीस एक, या माळा मूळ आहेत. शेवटची ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केली. त्यानंतर दीर्घ विराम होता. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असल्याचे २०२२ मध्ये आणि ८६,४५३ एकांची २०२३ मध्ये सिद्ध झाले. अशा माळा अनंत आहेत काय, याचे उत्तर अद्याप कोणाजवळ नाही.

संगणकाची फजिती

कागदावर पाच मिनिटांत येणारे हे उत्तर आपल्या टेबलावरील संगणकाला मात्र चकवते. एक्सेलच्या रकान्यात १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप करून पाहावे. रकान्यात उरते १२३४५६७८९८७६५४३००. हा कार्यक्रम संख्येचे पहिले पंधरा अंकच जपतो आणि पुढच्या जागी शून्ये भरतो. अनेक संगणक भाषांतील नेहमीची चौसष्ट बिटांची दशांश मांडणी थोडी अधिक प्रामाणिक, पण तीही चुकतेच. तिच्यात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या, म्हणजे दोनाच्या त्रेपन्नाव्या घाताच्या, पुढील विषम संख्या बसत नाहीत. आपली संख्या त्या मर्यादेपलीकडची आणि विषम. ती साठवली जाते १२३४५६७८९८७६५४३२० अशी, एकाने कमी. शेवटचा एक गेला की ती वर्ग राहत नाही आणि उलटसुलट सारखीही वाचता येत नाही.

गणिताच्या हौशी अभ्यासकांपुरती ही अडचण असती तर सोडून देता आली असती. परंतु कार्डांचे क्रमांक सोळा अंकी असतात आणि पंधराहून अधिक अंकांचे बँक खाते क्रमांकही असतात. गृहनिर्माण संस्थेच्या वा कार्यालयाच्या यादीत ते सरळ टाइप केले तर सोळावा अंक कोणतीही सूचना न देता शून्य होतो, आणि एकदा फाइल जतन केली की मूळ अंक परत मिळवता येत नाही. उपाय साधा आहे. रकाना आधी 'टेक्स्ट' प्रकारचा करावा किंवा क्रमांकाच्या आधी एक अवतरण चिन्ह टाकावे. मग सतराच्या सतरा अंक जसेच्या तसे राहतात. त्यांचा वर्ग तपासायचा असेल तर मात्र चौकटीचा कागद आणि पेन्सिल घ्यावी लागेल.